‘ओ’ आली नाही तर

फेब्रुवारीतली पहाट, पाचला दहा मिनिटं कमी. फोन अण्णांचा होता. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये ते रात्रपाळीचे ऑपरेटर आहेत.

“ताई, चार नंबरची खोली सहाच्या वर गेलीये. तुमचा फोन का नाही आला?”

उठून लॅपटॉप उघडला. पडद्यावर चार नंबरची खोली हिरवीगार. तापमान १.२ अंश, बाजूला लहान अक्षरांत ‘ठीक’. अण्णा त्या वेळी खोलीचं दार उघडून आत उभे होते आणि त्यांच्या हातातलं थर्मामीटर ६.४ दाखवत होतं. मी पान दोनदा रिफ्रेश केलं. दोन्ही वेळा १.२.

नाशिकमध्ये महात्मानगरला आमचं सात जणांचं ऑफिस आहे. शीतगृहं आणि प्रीकूलिंगच्या, म्हणजे बागेतून आलेला माल आधी थंड करण्याच्या, खोल्यांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. प्रत्येक पॅकहाउसमध्ये गेटवे म्हणून एक छोटा कम्प्युटर बसवलेला असतो. तो सेन्सरवरून तापमान आणि आर्द्रता वाचतो. आमच्या सर्व्हरवरचा देखरेखीचा प्रोग्राम दर ३० सेकंदांनी प्रत्येक गेटवेला विचारतो, “कसं चाललंय?” उत्तरासोबत तापमानही येतं. ते ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं तर ऑपरेटरच्या मोबाइलवर आपोआप फोन जातो. हा देखरेखीचा भाग माझ्याकडे आहे. म्हणून अण्णांचा प्रश्न कंपनीला नव्हता, मला होता.

गाडी काढली आणि आडगाव, ओझर मागे टाकत निघाले. सहाच्या सुमाराला पोचले तेव्हा खोलीतल्या पेट्या हातगाड्यांवरून दोन नंबरच्या खोलीत हलवण्याचं काम चालू होतं. आदल्या दिवशी काढलेला थॉमसन जातीच्या द्राक्षांचा माल होता. प्रीकूलिंगची खोली आणि साठवणुकीची खोली यांत मोठा फरक असतो. साठवणुकीत माल आधीच थंड असतो, कॉम्प्रेसर तासभर बंद राहिला तरी खोली तग धरते. प्रीकूलिंगमध्ये घड बागेतून ऊन खाऊन आलेले असतात आणि थंड होण्याच्या मध्यावर असतात. त्या वेळी गारवा थांबला की मण्यांच्या पोटातली उष्णता बाहेर यायला लागते आणि खोली पाहता पाहता चढते. मग पुन्हा थंड करताना मण्यांवर दव धरतं. बुरशी लागू नये म्हणून पेटीत घातलेल्या सल्फर पॅडला ओल लागली की त्यातून वायू भराभर सुटतो आणि मणी देठाकडून पांढरे पडायला लागतात. हा माल न्हावा शेव्याहून बोटीने युरोपला जाणार, वाटेत तीन आठवड्यांहून जास्त. आज दिसलं नाही तरी तिकडे पेटी उघडल्यावर दिसतं.

माल वाचला, तो अण्णांच्या कानामुळे. रात्री एकपासून ते पुढच्या बाजूला कंटेनर भरत होते. साडेचारला चहा घ्यायला मागे आले तर चार नंबरच्या पंख्यांचा आवाज नव्हता. पॅनेलमधला एक एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारं विजेचं बटण, पडला होता. कॉम्प्रेसरचा आणि पंख्यांचा कंट्रोल सप्लाय त्याच्यावर होता. आमच्या गेटवेचा अ‍ॅडॉप्टरही त्याच्यावरच होता. पाहणारा आणि ज्याच्याकडे पाहायचं तो, दोघांचे डोळे एकाच क्षणी मिटले. ती वायरिंगची चूक होती आणि दुपारपर्यंत गेटवेला वेगळी लाइन व छोटा यूपीएस मिळाला. पण त्याने माझा प्रश्न सुटत नव्हता. गेटवे मेला हे सर्व्हरला अडीच तास कळलं कसं नाही?

निघताना अण्णांनी एक गोष्ट सांगितली. पुढचे दोन महिने ती माझ्या डोक्यातून गेली नाही. “आमच्याकडं रात्रीची लाइट असली की वावरात पाणी भरायला जावं लागतं. बिबट्याचं भ्या असतंय. मग शेजारच्या वावरातल्याला मधून मधून हाक मारायची, त्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर झोपला असंल असं धरत नाही आम्ही. बॅटरी घेऊन बघायला जातो.”

आमचा प्रोग्राम ओ न आलेल्या माणसाला ‘ठीक’ धरून बसला होता.

ऑफिसला येऊन लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः लिहिलेल्या नोंदी, काढला. खोली चारची शेवटची ओळ होती ‘तपासणी सुरू, ०२:०९:४८’. तिच्याखाली काही नाही. चूक नोंदवलेली नव्हती, इशारा नव्हता, ‘तपासणी संपली’ ही नेहमीची ओळही नव्हती. मी आधी तासभर चुकीची ओळ शोधत होते आणि पुरावा होता न लिहिलेल्या ओळीत. मग मागच्या दहा दिवसांच्या लॉगमधल्या ‘सुरू’ आणि ‘संपली’ अशा सगळ्या ओळी मोजून जोड्या लावल्या. तीन ‘सुरू’ना जोडीदार नव्हता. एक आजचा, एक चार दिवसांपूर्वीचा, एक आठ दिवसांपूर्वीचा. तपासण्या करायला आठ थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी काम करणाऱ्या आठ शाखा, ठेवलेले आहेत. त्यातले तीन कुठे तरी उत्तराची वाट पाहत कायमचे उभे होते आणि उरलेल्या पाचांवर सगळा भार चालला होता. आणखी काही आठवडे कोणी रिस्टार्ट केलं नसतं तर आठही थ्रेड गुंतले असते आणि पडद्यावर एकतीसच्या एकतीस खोल्या हिरव्या दिसत राहिल्या असत्या. हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला.

उत्तराची वाट किती वेळ पाहायची ते सांगणारी ओळ, म्हणजे टाइमआउट, कोडमध्ये नव्हती. त्या ओळीचा इतिहास सांगायला हवा. मागच्या हंगामात तपासणीला ५ सेकंदांचा टाइमआउट होता. पॅकहाउसमधलं इंटरनेट सिमकार्डवर चालतं, रेंज कमी झाली की उत्तराला सात-आठ सेकंद लागायचे. प्रोग्राम लगेच ‘बंद’ म्हणायचा, पुढच्या तपासणीला ‘चालू’, परत ‘बंद’. एका रात्री अण्णांना एकोणीस फोन गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोबाइल सायलेंटवर टाकला आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. खोट्या हाकांनी माणूस खऱ्या हाकेलाही बहिरा होतो. मग मी ५ चे ३० केले, ३० चे ६०, आणि पुढे तपासणीचा कोड नव्याने लिहिताना ती ओळच गळाली. वाटलं होतं, लायब्ररीचा, म्हणजे आम्ही वापरतो त्या तयार कोडचा, स्वतःचा काही तरी टाइमआउट असेलच. नसतो. पायथनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी आम्ही वापरतो. तिला टाइमआउट सांगितला नाही तर ती वाट पाहत राहते, त्याला अंत नाही. फोन थांबले आणि सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

पण वीज गेल्यावर कनेक्शन तुटायला हवं होतं, असं आमच्यातल्या एका मुलाचं म्हणणं. त्याने टेबलावर गेटवे ठेवून प्रयोग करून दाखवला. गेटवेवरचा प्रोग्राम मारला आणि सर्व्हरला त्याच सेकंदाला कळलं. आम्ही वर्षभर चाचण्या अशाच करत आलो होतो. सर मागे उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, “तू प्रोग्राम मारतोयस. वीज गेली की मशीन मरतं. बटण बंद कर बघू.”

बटण बंद केलं. सर्व्हरवर कनेक्शन जसंच्या तसं, जिवंत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रोग्राम मरतो तेव्हा मागे ऑपरेटिंग सिस्टिम शिल्लक असते आणि ती समोरच्याला ‘आम्ही बंद करतोय’ असा निरोप देते. वीज गेली की निरोप द्यायला कोणी उरत नाही. दोन मशीनमधलं बोलणं ज्या नियमांनी चालतं त्या टीसीपीच्या दृष्टीने शांतता म्हणजे समोरचा गप्प बसलाय, एवढंच. समोरचा जिवंत आहे का ते विचारून पाहणारी कीपअलाइव्ह नावाची सोय असते, पण ती मागून घ्यावी लागते. घेतली तरी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर पहिली विचारणा ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते.

त्यातही एक बारकावा होता आणि तो सुटेपर्यंत मला चैन पडलं नाही. सर्व्हरने पाठवलेला प्रश्न समोर पोचलाच नसता तर टीसीपीने तो पुन्हा पुन्हा पाठवला असता आणि साधारण पंधरा मिनिटांनी हार मानून चूक कळवली असती. मग अडीच तास कसे? गेटवेला सेन्सर वाचून उत्तर जुळवायला चार सेकंद लागतात. त्या रात्री प्रश्न पोचला होता, त्याची पोचही सर्व्हरला मिळाली होती, आणि उत्तर तयार व्हायच्या आत एमसीबी पडला. सर्व्हरकडून पाठवायचं काही बाकी नव्हतं, म्हणून हार मानण्यासारखंही काही नव्हतं. फक्त ऐकायचं बाकी होतं. दर तीस सेकंदांतली ती चार सेकंदं. टेबलावर प्रश्न गेल्याचा दिवा लागला की लगेच बटण बंद, असं करून पाहिलं. तिसऱ्या प्रयत्नात तसंच्या तसं घडलं. संध्याकाळी साडेसातला तो गेटवे तसाच ठेवून आम्ही घरी गेलो. सकाळी आलो तरी सर्व्हर वाट पाहत होता.

टाइमआउट परत घातला, हे तर झालंच. जोडणी करायला ३ सेकंद, उत्तर ऐकायला १०. जोडणीचा वेगळा द्यावा लागतो, कारण समोरचं मशीन पूर्ण गप्प असलं तर लिनक्स आपणहून वाढत जाणारे थांबे घेत प्रयत्न करत राहतो आणि दोन मिनिटांहून जास्त वेळाने सोडतो. आमची तपासणी दर तीस सेकंदांची.

मला वाटलं, काम झालं. सरांनी विचारलं, “दहा सेकंद कशाचे?” मी म्हटलं, उत्तर यायचे. “पूर्ण उत्तर यायचे, की उत्तरातलं पुढचं अक्षर यायचे?” या प्रश्नाने मी गप्प झाले. सरांनी वीस ओळींचा एक खोटा गेटवे लिहिला. तो दर तीन सेकंदांनी उत्तराचं एकच अक्षर पाठवायचा. आमचा दहा सेकंदांचा टाइमआउट प्रत्येक अक्षरागणिक पुन्हा शून्यापासून सुरू होत होता. ती एक तपासणी चार मिनिटं चालली आणि शेवटी ‘ठीक’ म्हणाली. रेंज अगदी कमी असलेल्या गावात हे खरोखर होतं, नंतर लॉगमध्ये तसे प्रकार सापडले.

तेव्हापासून टाइमआउट मोजण्याऐवजी आम्ही मुदत देतो. तपासणी सुरू होताना तिला १२ सेकंदांची मुदत मिळते. जोडणीत दोन गेले तर पुढच्या पायरीला दहा उरतात, तिथे सहा गेले तर चार. मुदत संपली की तपासणी थांबते, मग ती कुठल्याही पायरीवर असो. डेटाबेसमध्ये नोंद करायच्या पायरीलाही हाच नियम. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये एखादी क्वेरी, म्हणजे विचारणा, किती वेळ चालू द्यायची याची मर्यादा मुळात शून्य असते, म्हणजे नसतेच. तीही आम्ही कधी घातलेली नव्हती.

एवढं होऊनही खरा दोष बाकी होता. टाइमआउट नव्हता म्हणून थ्रेड अडकला, हे बरोबर. पण थ्रेड अडकल्यावर पडदा हिरवा का राहिला? कारण आमच्याकडे प्रत्येक खोलीसाठी एकच खूण होती, ठीक आहे की नाही. ती खूण तपासणी संपल्यावर बदलायची. तपासणी संपलीच नाही तर जुनी खूण तशीच. त्याहून वाईट म्हणजे सर्व्हर रिस्टार्ट झाला की सगळ्या खोल्यांची सुरुवात ‘ठीक’पासून व्हायची. एकालाही न विचारता सगळे ठीक!

तीन दिवस बाकी सगळी कामं बाजूला ठेवून मी फळ्यावर खोलीच्या स्टेट, म्हणजे अवस्था, मांडत बसले. शेवटी तीन राहिल्या. ‘ठीक’, ‘बिघडलं’ आणि ‘कळत नाही’. तिसरीसाठी मला हट्ट धरावा लागला. ऑफिसमध्ये दोघांचं मत होतं की उत्तर नाही म्हणजे बिघडलं, सरळ लाल दाखवा. मी म्हणत होते, नाही. ‘बिघडलं’ हे समोरच्याने स्वतः सांगितलं तरच म्हणायचं. तापमान चढलं, सेन्सर तुटला, कॉम्प्रेसर बंद आहे, ही माहिती आहे. उत्तर न येणं ही माहिती नसण्याची खबर आहे. लाल पाहून ऑपरेटर कॉम्प्रेसरकडे धावेल. राखाडी पाहून त्याने आधी दार उघडून स्वतः थर्मामीटर बघायला हवं. दोन वेगळी कामं आहेत, म्हणून दोन वेगळे रंग हवेत. सरांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि अण्णांना फोन लावला. स्पीकरवर अण्णा म्हणाले, “ताई म्हणतात ते बराबर आहे. मला बिघाड झालाय का तुमचं मशीन मुकं झालंय, ते कळालं पाहिजे.”

आणि सगळ्यात मोठा बदल. ‘ठीक’ आता साठवून ठेवायची गोष्ट राहिली नाही. आम्ही साठवतो ते फक्त शेवटचं चांगलं उत्तर आणि ते कधी आलं ती वेळ. पडदा रंगवताना दर वेळी हिशोब होतो. त्या उत्तराला ९० सेकंदांपेक्षा कमी झाले असतील तर ठीक, जास्त झाले असतील तर कळत नाही. ‘ठीक’ दुधासारखं आहे, ठेवून दिलं की नासतं. थ्रेड अडको, रांग तुंबो, तपासणारा प्रोग्राम पूर्ण झोपो, वेळ पुढे गेली की हिरवा आपोआप राखाडी होतो. त्यासाठी काही घडावं लागत नाही. आधी आमचं सगळं काही तरी घडण्यावर टांगलेलं होतं. तापमानाच्या आकड्याशेजारी तो किती जुना आहे हेही आता लिहून येतं. त्या पहाटे १.२ च्या शेजारी ‘२ तास ४० मिनिटांपूर्वी’ असं असतं, तर मी पान दोनदा रिफ्रेश केलं नसतं.

आठवड्याने वेळेनेच दगा दिला. दिंडोरीकडची एक खोली, गेटवे बंद करूनही हिरवी राहिली. दहा मिनिटं, अर्धा तास. मी उत्तराचं वय काढत होते ते गेटवेने लावलेल्या वेळेवरून. तो गेटवे भारतीय वेळ लिहीत होता आणि आमचा प्रोग्राम ती जागतिक वेळ समजत होता. उत्तर साडेपाच तास भविष्यातलं ठरत होतं. वय उणे साडेपाच तास. उणे आकडा ९० पेक्षा लहानच, म्हणजे ताजं! ती खोली साडेपाच तास आणि वर दीड मिनिट हिरवी राहिली असती. शिवाय या छोट्या कम्प्युटरांच्या घड्याळाला बॅटरी नसते. वीज परत आल्यावर इंटरनेट मिळेपर्यंत ते जुन्याच वेळेत जगत असतात. गेटवेच्या वेळेवर विसंबणं सोडलं. उत्तर आमच्या दारात कधी आलं ते आमच्या घड्याळाने पाहायचं, तेही मोनोटॉनिक घड्याळाने. ते फक्त पुढे जातं, कोणी सर्व्हरची वेळ दुरुस्त केली तरी मागे उडी मारत नाही. मात्र मशीन रिस्टार्ट झालं की त्याचे जुने आकडे निरर्थक होतात. म्हणून रिस्टार्टनंतर सगळ्या खोल्या ‘कळत नाही’पासून सुरू होतात. पहिलं उत्तर आलं की एकेक हिरवी होते. सकाळी ते दृश्य पाहायला मला आवडतं.

खोट्या फोनांचा बंदोबस्त तर करायलाच हवा होता, नाही तर मोबाइल पुन्हा सायलेंटवर गेले असते. यावर आधीच्या लोकांनी खूप विचार करून ठेवलाय. नागिओस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर १९९९ मध्ये नेटसेंट या नावाने सुरू झालं. त्यात कच्ची स्टेट आणि पक्की स्टेट असा भेद आहे. एकदा चुकलं की कच्ची, ठरलेल्या वेळा पुन्हा तपासून चुकलंच तर पक्की, आणि निरोप पक्की झाल्यावर. येणारं काम अनेक सर्व्हरवर वाटणाऱ्या हेप्रॉक्सीमध्ये काही न सांगितल्यास सर्व्हर बाद करायला ओळीने ३ चुका लागतात, परत घ्यायला २ यश. आम्ही तसंच केलं आणि त्यातही एक भोक निघालं. ओळीने मोजायचं म्हटलं की एका यशाने मोजणी शून्यावर येते. दोन चुका, एक यश, दोन चुका, एक यश, असं रात्रभर चाललं तरी तीन कधी भरत नाहीत. म्हणून शेजारी दुसरी मोजणी ठेवली. शेवटच्या दहा तपासण्यांत चार चुकल्या तर ‘अडखळतंय’ असा निरोप जातो, तो ऑपरेटरला न जाता ऑफिसला येतो. रेंज सुधारणं हे रात्री अडीच वाजता अण्णांचं काम नाही.

राखाडी झाल्यावर फोन कधी करायचा हे खोलीवर ठरवलं. प्रीकूलिंग असेल तर राखाडी झाल्यापासून ६० सेकंदांनी. साठवणुकीला दहा मिनिटं. पेट्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर मुकं झालं तर सकाळी बघू.

मग प्रश्न आला देखरेख करणाऱ्यावर देखरेखीचा. सर्व्हरवर सिस्टिमडीचा, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचा, वॉचडॉग लावला. प्रोग्रामने ठरावीक वेळेत ‘मी जिवंत आहे’ असं सांगितलं नाही तर तो रिस्टार्ट होतो. माझं पहिलं लिखाण चुकलं. मी ती खबर द्यायला वेगळा थ्रेड ठेवला. सगळ्या तपासण्या अडकवून ठेवल्या तरी तो थ्रेड मजेत ‘जिवंत, जिवंत’ म्हणत होता. आता सगळ्या खोल्यांची एक फेरी पूर्ण झाली तरच ती खबर जाते. तीच खबर नाशिकबाहेरच्या एका भाड्याच्या मशीनलाही जाते आणि पाच मिनिटं गेली नाही तर ते मशीन मला फोन करतं. त्याचा उपयोग लगेच झाला. मार्चमध्ये आमच्या रस्त्यावर सिंहस्थाच्या कामांसाठी खोदाई चालू होती आणि एका दुपारी ऑफिसची फायबर तुटली. एकतीस खोल्या एका क्षणी राखाडी. फोन लावायलाही इंटरनेटच लागतं, त्यामुळे एकाही पॅकहाउसला फोन गेला नाही. बाहेरच्या मशीनचा मला आला. मी हाताने सगळीकडे फोन करून सांगितलं, तासभर थर्मामीटर स्वतः बघा.

खरी चाचणी पॅकहाउसवरच करायची असं अण्णांना कबूल केलं होतं. मार्चच्या शेवटी हंगाम उतरणीला लागला, चार नंबरची खोली रिकामी होती. रात्री साडेदहाला मी आणि तो मुलगा तिथे पोचलो. अण्णांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं, मी गेटवेचा यूपीएस काढला, गेटवे चाचणीपुरता जुन्या लाइनवर जोडला आणि एमसीबी पाडला. पंखे थांबले. एवढ्या मोठ्या खोलीतली ती शांतता मी पहिल्यांदा ऐकली. दीड मिनिटाच्या आसपास लॅपटॉपवर चार नंबर राखाडी झाला. आम्ही फोनकडे बघत राहिलो. दोन मिनिटं. तीन. पाच. फोन नाही.

मुलाचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. तिथेच पायरीवर बसून लॉग उघडला. फोन लावणाऱ्या भागाने लिहिलं होतं, ‘आधीच कळवले आहे’. दुपारी ऑफिसमधून याच खोलीवर एक चाचणी केली होती, तेव्हाची ‘कळवलं’ ही खूण पुसलीच गेली नव्हती. ती पुसली जायची ‘बिघडलं’वरून ‘ठीक’ झाल्यावर. ‘कळत नाही’वरून ‘ठीक’ ही वाट मी फळ्यावर काढली होती आणि फोनच्या भागात लिहायची राहिली होती. नवी स्टेट आणली की ती प्रत्येक दारातून आत-बाहेर कशी जाते ते बघावं लागतं, एक दार सुटलं होतं. तिथेच दुरुस्त केलं. पण घाई केली नाही. तिन्ही स्टेटमधल्या सहाही वाटा कागदावर लिहून एकेकीसमोर खूण केली, मुलाने ती दुसऱ्यांदा तपासली. एमसीबी वर केला, खोली हिरवी होऊन पाच मिनिटं जाऊ दिली.

बारा वाजून गेले होते. अण्णांनी पुन्हा स्टॉपवॉच लावलं. मी एमसीबी पाडला. दोन मिनिटं एकवीस सेकंदांनी त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. रेकॉर्ड केलेला आवाज होता, “खोली क्रमांक चार. कळत नाही. कृपया प्रत्यक्ष पाहा.”

एमसीबी आम्हीच पाडलाय हे अण्णांना माहीत होतं. तरी त्यांनी खुंटीवरची बॅटरी काढली, थर्मामीटर घेतलं आणि चार नंबरचं दार उघडून आत गेले.